बाळकुमची अर्धी खोली

आधीच सांगून टाकतो — असले अनुभव मी आजवर फक्त टाइमपास म्हणून वाचत आलोय. ऑफिसात डबा खाताना मोठ्याने वाचून दाखवायचो. घाटातलं वळण, पांढरी साडी, मागे वळून बघितलं तर कोणीच नाही... आम्ही पोट धरून हसायचो. आमच्यातला एक जण अमावास्येला नवीन व्हाउचर बुकसुद्धा काढत नाही, त्याची तर मी इतकी खेचलेय की विचारू नका. भूत, बाधा, करणी, स्वप्नात येऊन सांगणं — यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर अजूनही नाहीये. तरी आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्ही हसलात तर मला तक्रार करता येणार नाही.

मी संदीप. वय सत्तेचाळीस. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. लग्न झालेलं, टिकलं नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली आणि या गोष्टीशी त्याचा काही संबंधही नाही. घरात मी आणि आई. मोठा भाऊ, म्हणजे दिलीपदादा, डोंबिवलीला असतो, बायको-मुलांबरोबर.

आम्ही कोपरीचे. म्हणजे मूळचे संगमेश्वरकडचे, पण आईला विचाराल तर ती कोपरीच सांगेल. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला आमची बैठी चाळ होती. चाळीत टीव्ही सगळ्यात आधी आमच्याकडे आला. दुपारी जेवणं आवरली की बायका आमच्या खोलीत जमायच्या. बोलवायला कोणी जायचं नाही. आमचं दार उघडं असलं की या, लोटलेलं असलं की घरात काहीतरी चाललंय, नंतर या — एवढा साधा नियम. आई सतरंजी टाकायची, बाहेर चपलांचा ढीग पडायचा. प्रत्येकीची जागा ठरलेली. कुसुममावशी कायम दाराशी, कारण तिला समोरच्या स्वतःच्या खोलीतल्या पाळण्यावर लक्ष ठेवायचं असायचं. पुढे त्या पाळण्यातला महेश कॉलेजात जायला लागला तरी मावशी आपली दाराशीच. टीव्हीवर काय चाललंय याच्याशी फारसं कोणाला देणंघेणं नसायचं. कोणी तांदूळ निवडतेय, कोणी लसूण सोलतेय, कोणी सासूच्या नावाने बोटं मोडतेय. चारच्या सुमाराला नळाला पाणी यायचं. आई म्हणायची, "चला गं, पाणी येईल," की सगळ्या गुडघ्यांवर हात टेकत उठायच्या.

पुढे घरोघरी टीव्ही आले, तरी हे चालूच राहिलं. तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मग चाळ बिल्डरकडे गेली. बोलणी लांबली, शेवटी ज्याला जिथे जमलं तिथे तो गेला. कुसुममावशी मुलाबरोबर शहाडला गेली, लीलाकाकू कल्याणला लेकीकडे, गोरेबाई कळव्याला. जायच्या दिवशी सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, येत जा गं, विसरू नको गं, सगळं झालं. आणि एवढं सगळं होऊन एकीनेही दुसरीचा फोन नंबर घेतला नाही! मी नंतर आईला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. जी बाई जन्मभर हाकेच्या अंतरावर राहिली तिचा नंबर घ्यायचा असतो, हे या बायकांच्या डोक्यातच कधी आलं नाही.

मी बाळकुमला घर घेतलं. चौदावा मजला, खिडकीतून लांब खाडीची एक पट्टी दिसते. ज्याला बिल्डर टू अँड हाफ बीएचके म्हणतात ते. आता घरात अर्धी खोली म्हणजे काय, हे मला राहायला गेल्यावर कळलं. पलंग टाकला तर कपाट मावत नाही, कपाट ठेवलं तर माणूस मावत नाही. ती खोली रिकामीच होती.

आणि आई... आई तिथे गेल्यापासून गप्प झाली. भांडली असती, रडली असती तर परवडलं असतं. ती नुसती गप्प झाली. अर्धी चपाती खायची, बाकीची तशीच. दिवसभर हॉलमध्ये खुर्ची टाकून मेन डोअरकडे तोंड करून बसायची. दुपारी तर दार सताड उघडं ठेवायची, बंद होऊ नये म्हणून फटीत जुनी चप्पल अडकवून. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज — चौदाव्या मजल्यावरील रहिवाशांनी कृपया दार बंद ठेवावे, सिक्युरिटीच्या दृष्टीने योग्य नाही. मी दोनदा सॉरी लिहिलं. आईला सांगितलं, "अगं, इथे असं दार उघडं ठेवत नाहीत." ती म्हणाली, "मग कोण येणार?"

"पण इथे येणारच कोण आहे?" असं मी म्हणालो. तिने वाकून फटीतली चप्पल पुन्हा नीट बसवली.

डॉक्टरांना दाखवलं. रिपोर्ट सगळे चांगले. ते म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. दिवसभर एकट्याच असतात का?" मी हो म्हणालो. यावर गोळी नाही, असं ते हसून म्हणाले.

दादा दर पंधरवड्याला येऊन बघायचा. एकदा त्याने मला गॅलरीत नेऊन स्पष्टच सांगितलं, "संदीप, आई सुकत चाललेय रे. दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर मी तिला घेऊन जातो. आमच्याकडे निदान पोरं असतात घरात."

त्याचं चूक नव्हतं. पण मी तुम्हाला खरं सांगतो, मला ते नको होतं. आई गेली की त्या एवढ्या मोठ्या घरात मी एकटा. सकाळी कुकर लावायचा तोही एकट्यासाठी. आईला बरं वाटावं असं मला वाटत होतंच, पण त्याहून जास्त मला वाटत होतं की तिने जाऊ नये. दिवाळी तीन-चार महिन्यांवर आलेली.

तेव्हा मला ही आयडिया सुचली. अर्ध्या खोलीत होम थिएटर करायचं. छोटंसंच — प्रोजेक्टर, पडदा, चांगले स्पीकर, तीन रिक्लायनर. आईला जुने पिक्चर आवडतात, ती बघेल, जरा रमेल. ऑफिसातल्या एकाने डोंबिवलीच्या भोईरांचं नाव दिलं. पन्नाशीचा, अंगाने चांगला भरलेला माणूस, हीच कामं करणारा. बोलण्याची भारी हौस.

पहिल्यांदा आले तेव्हा रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक जोरात टाळी वाजवली. टाळीच्या मागोमाग भिंतींमधून टर्रर्र असा आवाज उठला.

"ऐकलात ना साहेब? कसा घुमला? भिंती नागड्या हायत ना. आवाज हिकडून तिकडे नुसता नाचतोय. पिक्चर लावलात तर एक डायलॉग कळायचा नाय."

"मग काय करायचं?"

"फोमचे पॅनल लावू, खाली जाड कार्पेट. आवाज खायला काहीतरी लागतं बघा." मग हसून म्हणाले, "तसा माणूस म्हंजे सगळ्यात भारी पॅनल. लग्नाचा हॉल रिकामा असला की किती घुमतो! माणसं भरली की बंद. पण माणसं काय रोज मिळत नाहीत, म्हणून आमचा धंदा चालतो."

आवाज ऐकून आई उठून आली. दारात उभी राहून विचारलं, "काय करताय?"

मी सांगितलं. थिएटरसारखा पडदा, इथे खुर्च्या, आपण पिक्चर बघायचे. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा उत्सुकता दिसली.

"किती जण बसतील?"

"तीन."

"एवढेच? आणि बाकीच्यांनी काय उभं राहायचं?"

भोईर मोठ्याने हसले. मीही हसलो. आई हसली नाही.

भोईरांनी खुर्च्या कुठे येणार ते कळावं म्हणून फरशीवर टेपने तीन चौकोन आखले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर टेप काढून टाकलेली. आईने माळ्यावरून जुनी सतरंजी काढून खोलीभर अंथरलेली. "खुर्च्या नकोत. खुर्च्यांनी जागा फुकट जाते," एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी ती दोन चपात्या जेवली! मी म्हटलं मरू देत खुर्च्या.

त्यानंतर ती दुपारची त्या खोलीत बसायला लागली. पडदा यायचा होता त्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, सतरंजीवर, मांडी घालून. बाहेरचं दार तसंच उघडं, चप्पल अडकवलेली. शनिवार-रविवारी मी घरी असायचो तेव्हा बघायचो. ती हळू आवाजात बोलायची. "सरका गं जरा, मागे दिसत नाहीये." मग हसायची. मध्येच गप्प, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मी खोलीच्या दाराशी उभा राहून बघायचो. वाटायचं, झालं, आईचं डोकं गेलं. दादाला कळलं तर तो दिवाळीचीही वाट बघणार नाही. म्हणून मी त्याला काहीच सांगितलं नाही.

आणि एकीकडे ती जेवत होती. बोलत होती. मला भाजीला मीठ जास्त झालं म्हणून ओरडत होती. असं असताना मी कोणाकडे काय तक्रार करणार?

मग तो शनिवार. भोईर पॅनलची मापं घ्यायला येणार होते. तीनच्या सुमाराला आले, दार उघडंच होतं, सरळ आत आले. आई अर्ध्या खोलीत सतरंजीवर बसलेली. भोईर म्हणाले, "आजी, बसा, बसा, उठू नका." मग सवयीप्रमाणे मधोमध उभे राहून त्यांनी टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि तिथेच संपली.

कसं सांगू... थप्प. बस्स. मागे काही नाही. जाड गादीवर हात मारल्यावर येतो तसला आवाज. भोईरांनी वर छताकडे बघितलं. पुन्हा वाजवली. थप्प.

"साहेब, काही लावलात का भिंतीला?"

"नाही हो. तुम्हीच लावणार होता ना?"

खोलीत एक सतरंजी आणि एक पंचेचाळीस किलोची बाई, याशिवाय काही नव्हतं. खिडकीला पडदासुद्धा नाही. भोईर हॉलमध्ये गेले, तिथे वाजवली. हॉलमध्ये सोफा, पडदे, कपाट असूनही बऱ्यापैकी घुमली. परत आत आले. थप्प. मग मी वाजवली. माझीही तशीच. आम्ही दोघं मोठे पुरुष त्या खोलीत वेड्यासारखे टाळ्या वाजवत उभे होतो.

"अरे, काय लावलंय?" आई वैतागली. "त्यांचं बोलणं चाललंय ना!"

भोईर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. आणखी एक गोष्ट मला तेव्हा जाणवली ती सांगतो. ती खोली उकडत होती. खिडकी उघडी, वारा येतोय, तरी बंद खोलीत खूप माणसं बसली की कसं कोंदट होतं, तसं. आम्ही नकळत भिंतीला चिकटून उभे होतो. मधोमध पुरेशी जागा होती, पण पाय तिकडे टाकवेना.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "चला गं, पाणी येईल." गुडघ्यावर हात टेकून उठली. दारापर्यंत गेली, जराशी थांबली, मग वळून सतरंजी गोळा करायला लागली.

भोईरांनी हळूच, घाबरत, एक टाळी वाजवली. टर्रर्र... भिंतीभिंतींतून घुमत राहिली.

पण माणूस धीराचा. त्यांनी आईला विचारलं, "आजी, कोण आलेलं?"

"आमच्या चाळीतल्या," आई सहज म्हणाली. "कुसुम, लीला, गोरेबाई. आणि त्या शेवटच्या खोलीतली, तिचं नाव मला कधीच लक्षात राहत नाही."

सरोजकाकू म्हणून आईची सगळ्यात जवळची मैत्रीण होती, ती चाळीत असतानाच वारली. मी विचारलं, "आणि सरोजकाकू?"

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच काहीतरी झालंय. "ती कशी येईल? ती गेली ना रे. तुला आठवत नाही?"

तुम्हीच सांगा, याला डोकं गेलेलं कसं म्हणायचं?

भोईर खाली जाताना लिफ्टपाशी म्हणाले, "साहेब, पॅनलचं राहू दे. पडदा, प्रोजेक्टर लावून देतो. पण सकाळचा येईन हां. दुपारी नाय."

तो आठवडा मी ऑफिसात नुसता बसलो होतो. हिशेब जुळवणं हे माझं काम, आणि हा हिशेब कुठूनच जुळत नव्हता. आर्द्रता, हवेचा दाब, सतरंजीचं सूत — नेटवर जे मिळेल ते वाचलं. सतरंजी खोलीभर असली तर थोडा फरक पडतो, हे खरं. म्हणून एका सकाळी आई अंघोळीला गेलेली असताना सतरंजी अंथरून टाळी वाजवली. थोडासा फरक पडला, पण घुमायची ती घुमलीच.

शेवटी ठरवलं, कुसुममावशीला भेटायचं. दादाच्या ओळखीतून महेशचा नंबर मिळवला. आईला काही न सांगता रविवारी सकाळी शहाडला गेलो. मनात सरळ हिशेब होता. मावशी आपल्या घरी सुखात असणार, तिला आईची नीट आठवणसुद्धा नसेल, म्हणजे जे काही आहे ते आईच्या मनात आहे. मग टाळीचं काय ते टाळीपुरतं बघू.

स्टेशनपासून जवळच, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, मावशी तिसऱ्या मजल्यावर. महेश आणि त्याची बायको लग्नाला गेलेले. दार बंद, बाहेरून कुलूप! महेशने चावी शेजारी ठेवलेली, त्यांनी उघडून दिलं. रोज दोघं कामाला जातात, मावशीचे गुडघे गेलेत, उठून दार उघडायला वेळ लागतो आणि ती कोणालाही आत घेते, म्हणून कुलूप लावतात, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. महेशलाही दोष देत नाही मी. तोही बिचारा सकाळी सातला निघतो.

मावशी पलंगावर उशीला टेकून बसलेली. खूप थकलेली. मला वाटलं ओळख सांगावी लागेल. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आलास? तो पडदा कधी लागणार रे? नुसत्या भिंतीकडे किती दिवस बघायचं?"

मी पलंगाच्या कडेला बसलो.

"कुठला पडदा, मावशी?"

"तो पिक्चरचा. तुझी आई म्हणते आज लागेल, उद्या लागेल. आणि त्या दिवशी तो जाडा माणूस टाळ्या कशाला वाजवत होता? तू पण! आम्हाला हसू आवरेना. लीला तर म्हणाली, आपल्याला हाकलतायत की काय."

"मावशी, आईचा फोन आलेला का तुला?"

"फोनवर मला कुठे ऐकू येतं?" तिने कानाला हात लावला. कानात मशीन होतं, त्यावर तिला समोरचं बोलणं तेवढं कळायचं. आईच्या फोनमध्येही मी नंतर बघितलं. मी आणि दादा, बाकी कोणाचा नंबरच नाही.

मी तिला शक्य तितकं सावकाश, स्पष्ट विचारलं, "मावशी, तू बाळकुमला कशी येतेस? तुला तर जिना उतरता येत नाही."

तिने जरा विचार केला. खोटं बोलायचं म्हणून नाही, तिलाही तो प्रश्न पहिल्यांदाच पडला होता बहुतेक. "जेवण झालं की इथे पडते. झोप नसते हां ती. मग जावंसं वाटतं, जाते. पहिल्यांदा मी कोपरीला गेले रे, तर तिथे पत्रे लावलेले, सगळं खणून ठेवलेलं. लीलाकडे गेले, तिचं दार बंद. गोरेबाईचं बंद. आता बंद दाराच्या घरी कोण जाईल? तुझ्या आईचं तेवढं उघडं होतं."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. थंडगार होता, हाडं लागत होती.

"तू आत का नाही बसत रे? नुसता दारात उभा असतोस. लहानपणी तर मांडीवरून उठायचा नाहीस."

मला रडूच आलं. का ते नेमकं सांगता येणार नाही. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस शहाडच्या एका कुलपातल्या घरात म्हातारीच्या समोर बसून रडला. मी म्हटलं, "मावशी, मी गाडी आणतो. महेश आणि मी मिळून तुला उचलून खाली नेऊ. आईकडे चार दिवस राहा."

"कशाला उगाच? जिन्यात पडले-बिडले तर महेशला व्याप." मग हसून म्हणाली, "येतेच की मी."

निघताना शेजारच्या बाईंनी पुन्हा कुलूप लावलं. मी जिन्यात बराच वेळ उभा होतो. आतून काही आवाज येत नव्हता.

घरी आल्यावर आईला काहीच बोललो नाही. तिनेही विचारलं नाही. रात्री जेवताना मात्र म्हणाली, "कुसुम बरीच वाळलेय ना?" मी हो म्हणालो. आम्ही दोघांनी वरण-भात संपवला.

दिवाळीच्या आधी दादा आला, ठरल्याप्रमाणे. गाडी घेऊन, वहिनीला घेऊन. पडदा तोवर लागला होता. आईची तब्येत बघून दोघांना आनंद झाला, पण दादाने ठरवलेलं ते ठरवलेलं. "आई, बॅग भर. आता आमच्याकडे राहायचं. पोरं वाट बघतायत." वहिनीही मनापासून म्हणाली, "चला ना आई, मलाही सोबत होईल."

मी हॉलच्या भिंतीला टेकून उभा होतो. काय बोलणार? जाऊ नको म्हणण्याचा हक्क मला एकट्यालाच थोडाच आहे! मनातल्या मनात मात्र तेच चाललेलं. जाऊ नको, जाऊ नको.

आई म्हणाली, "मी नाही येणार."

"अगं पण का? संदीप दिवसभर ऑफिसात. तू एकटी काय करतेस इथे?"

"एकटी कुठे?" आई त्याला समजावत असल्यासारखं म्हणाली. "आत्ता कुठे त्यांना हे घर सापडलंय, दिलीप. मी डोंबिवलीला आले तर त्या परत कुठे शोधत फिरतील? गुडघे राहिलेत का कोणाचे?"

दादाने माझ्याकडे बघितलं. कोण त्या, असं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "चाळीतल्या बायका रे. दुपारी येतात." अगदी सरळ आवाजात सांगितलं. यात खोटं तरी काय होतं? दादाला वाटलं खरोखरच रिक्षा करून येत असतील. त्याला एवढं बरं वाटलं! "मग आधी नाही का सांगायचंस! हेच तर पाहिजे होतं तिला." फराळाचे डबे ठेवून दोघं हसत परत गेले.

ते गेल्यावर मी आईजवळ जाऊन बसलो. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, त्यांच्यासाठी थांबलीस. माझ्यासाठी नाही?"

आई हसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू काय रे, तू आहेसच."

तिच्या मनात माया होती, मला माहीत आहे. तरी ते वाक्य मला अजून टोचतं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणी आवाजाच्या शास्त्रातलं असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. फक्त मनाचे खेळ म्हणू नका. भोईरांचं आणि माझं मन एकाच दिवशी एकच खेळ कशाला खेळेल? आणि शहाडच्या मावशीला जाडा माणूस कोणी सांगितला? महेशला मी एवढंच म्हटलं, दुपारी कुलूप लावत जाऊ नको. तो बघतो म्हणालाय.

आई आता नीट जेवते. दुपारी प्रोजेक्टर तिचा तीच लावते, मी शिकवलंय. सोसायटीच्या ग्रुपवर दाराबद्दल मेसेज आला की मी वाचून सोडून देतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी परवा लिफ्टमध्ये विचारलं, "तुमच्याकडे दुपारी पाहुणे असतात वाटतं? पावलं वाजतात वर, सारखी ये-जा." मी हो म्हटलं.

एकदा सुट्टी टाकून मी दुपारी घरी थांबलो आणि हिंमत करून आत जाऊन सतरंजीच्या कडेला बसलो. आई कोणाशी तरी बोलत होती, हसत होती. मला भिंतीवरचा पिक्चर दिसला, आई दिसली, बाकी काहीच दिसलं नाही. अर्धा तास बसलो आणि उठलो. रोज संध्याकाळी ऑफिसातून येतो तेव्हा त्या सगळ्या गेलेल्या असतात. आई गॅसपाशी असते, ताटं दोन घेतलेली असतात, आणि घरात आम्ही दोघंच असतो.